इंधनाचा दाब कोण राखतो?

मोटारीच्या इंजिनात दर वेळी किती पेट्रोल जावे, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. पूर्वीच्या गाड्यांत हे काम कार्ब्युरेटर करीत असे. इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत ते इंजेक्टरकडे असते. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारा एक चिमुकला नळच. गाडीतील संगणक तो सेकंदाच्या काही हजारांश भागापुरता उघडतो आणि लगेच मिटतो. बाहेर पडलेले पेट्रोल मोजण्याचे कोणतेही माप तेथे नसते. नळ किती वेळ उघडा होता, एवढ्यावरूनच संगणक सारा हिशेब मांडतो. हा हिशेब खरा ठरायचा तर पेट्रोलचा दाब ठराविक हवा, हे ओघानेच आले. तो राखणाऱ्या साधनाला दाब-नियंत्रक म्हणतात. गॅरेजमध्ये त्याचे नाव नुसते ‘रेग्युलेटर’.

इंजिनाची ताकद वाढविण्याची हौस असणारे लोक मूळचा नियंत्रक काढून बाजारात मिळणारा, स्क्रू पिळून दाब बदलता येणारा नियंत्रक बसवितात. त्यानंतर कधी इंजिन काळा धूर सोडते, कधी चढावर धापा टाकते. दोष अर्थातच नव्या नियंत्रकाच्या माथी मारला जातो. पण तो खरोखर त्याचाच आहे का?

त्यासाठी प्रथम त्याची रचना पाहू. धातूची एक डबी, तिच्या मधोमध ताणून बसविलेला रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूस पेट्रोल, दुसऱ्या बाजूस स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या रेग्युलेटरातही पडदा आणि स्प्रिंग असतात, पण त्याचे काम उलटे आहे. तो येणारा गॅस अडवून पुढचा दाब कमी ठेवतो. हा जास्तीचे पेट्रोल सोडून देऊन मागचा दाब राखतो. म्हणजे आपला नियंत्रक दाब निर्माण करीत नाही. ते काम पंपाचे. पंपच थकलेला असेल तर स्क्रू कितीही पिळा, दाब चढणार नाही. उलट परतीची नळी अरुंद असेल तर स्क्रू पूर्ण सैल केला तरी दाब उतरणार नाही.

स्प्रिंगच्या बाजूस आणखी एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. तिचे दुसरे टोक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीला जोडतात. ही कशासाठी? एक सोपा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडून ती पाण्याने भरा. झाकण उघडे असताना धार लागते. झाकण घट्ट लावा; धार मंदावते आणि थांबते. पाण्याची उंची जवळजवळ तेवढीच आहे, मग धार का थांबली? पाण्यावरच्या कोंडलेल्या हवेचा दाब घटला म्हणून. धार आतल्या दाबावर अवलंबून नसते, आत आणि बाहेर यांच्या दाबांतील फरकावर असते.

इंजेक्टरची धार मॅनिफोल्डमध्ये पडते, आणि तेथला दाब सतत बदलत असतो. इंजिन नुसते संथ चालत असताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे तेथे दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.६ बारने कमी असतो. (१ बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरील हवेचा दाब.) नियंत्रक ३ बारवर लावलेला असेल तर रबरी नळीमुळे ही घट पडद्यापर्यंत पोहोचते आणि पेट्रोलचा दाब २.४ बारवर उतरतो. फरक मात्र ३ बारच राहतो. बॉश या जर्मन कंपनीने १९६७ साली आणलेल्या डी-जेट्रॉनिक पद्धतीत अशी नळी नव्हती. तेथे पेट्रोलचा दाब वातावरणाच्या तुलनेत स्थिर ठेवीत आणि मॅनिफोल्डमधील दाब वेगळा मोजून हिशेबात धरीत. तिच्या पुढच्या एल-जेट्रॉनिकमध्ये नळी आली.

आता ही नळी निसटली असे समजा. फरक ३.६ बार होईल. प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. टॉरिचेलीने १६४४ साली प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. ३.६ भागिले ३ याचे वर्गमूळ सुमारे १.१०, म्हणून १० टक्के पेट्रोल फुकट जाऊ लागते. काळा धूर येथून निघतो. टर्बो बसविलेल्या गाडीत याहून वाईट घडते. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये ०.८ बार जादा दाब भरला आणि नळी निसटलेली असली, तर फरक २.२ बारच उरतो आणि पेट्रोल सुमारे १४ टक्के कमी पडते. ऐन जोरात असताना पेट्रोल कमी पडले की मिश्रणाचा अवेळी भडका उडतो आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकते. धूर निदान डोळ्यांना दिसतो, येथे तशी सूचनाही मिळत नाही.

म्हणून जाणता मेकॅनिक स्क्रूला हात लावण्यापूर्वी ही नळी काढतो, तिचे तोंड बंद करतो आणि दाबमापकाचा काटा पाहतो. नळी काढल्यावर काटा चढला आणि लावल्यावर उतरला, तर पडदा काम करीत आहे. स्क्रू लावायचा तो नळी काढलेली असतानाच. नळीत पेट्रोल आढळले तर पडदा फाटला, नियंत्रक बदलावाच लागतो. (भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर नेण्यात आले, इथेनॉल न सोसणारे रबर त्यात फुगते किंवा कडक होते, हेही विकत घेताना पाहावे.) स्क्रू सैल करूनही दाब उतरत नसेल तर पंप मोठा आणि परतीची वाट लहान, असा मेळ बिघडलेला असतो. गाडी जोरात पळत असतानाच दाब घसरला तर संशय पंपावर किंवा तुंबलेल्या गाळणीवर घ्यावा. या तपासण्या शिकलेल्या माणसानेच कराव्यात; ३ बारने उडालेली पेट्रोलची फवार तापलेल्या इंजिनावर पडली तर आग लागावयास वेळ लागत नाही.

एक बिघाड मला सर्वांत मजेदार वाटतो. गाडी थंड असताना काटा ३ दाखवितो, तापल्यावर कमी. नियंत्रक निर्दोष, पंपही ठीक! इंजिनाजवळ बसविलेल्या काही दाबमापकांच्या सीलबंद डबीत काटा थरथरू नये म्हणून तेलकट द्रव भरलेला असतो. तो उष्णतेने प्रसरण पावतो, डबीतील दाब वाढतो, आणि मापक पेट्रोलचा दाब त्या वाढलेल्या दाबाच्या तुलनेत दाखवितो. काटादेखील शेवटी फरकच मोजतो. हे न कळता कोणी स्क्रू पिळला तर पेट्रोल खरोखरच जास्त जाऊ लागते. डबीचे बूच क्षणभर उघडून आतला दाब सोडला, की काटा जागेवर येतो.

वाचकांसाठी एक प्रश्न. मुंबईत संथ चालणाऱ्या इंजिनाचा दाबमापक नळी लावलेली असताना २.४ बार दाखवितो. तीच गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला नेली. तेथे हवेचा दाब सुमारे ०.८६ बार असतो. मॅनिफोल्डमधील प्रत्यक्ष दाब दोन्हीकडे ०.४ बारच आहे असे धरा. नियंत्रकाला कोणी हात लावलेला नाही. काटा किती दाखवील?