ताक प्या, गोळी सोडू नका

प्रश्न : वय ५८, सहा वर्षांपासून मधुमेह. प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू केली तर मेटफॉर्मिन बंद करता येईल का? ढोकळा-खमण रोज होतंच, त्यातूनही चांगले जिवाणू मिळतात ना?
– एक वाचक, मकरपुरा, वडोदरा

उत्तर : गोळी बंद करू नका. प्रोबायोटिकने काहींची उपाशीपोटीची साखर किंचित उतरते, एवढंच. गंमत म्हणजे मेटफॉर्मिनही आतड्यातले जिवाणू बदलतं. ढोकळ्याचं पीठ आंबतं खरं, पण वाफेवर जिवाणू मरतात. खमण तर बहुधा सोड्यावरच फुगतं, वर साखरेचं पाणी! त्यापेक्षा जेवताना घरच्या दह्याचं ताक घ्या, बिनसाखरेचं, मीठ बेताने. सोबत मेथीची भाजी, मूग, ज्वारीची भाकरी. जिवाणूंचं खाद्य तेच. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासून घ्या.