फवारणीचे ड्रोन शिकताना सिम्युलेटरचा सराव

भातावर औषध फवारणारे मानवरहित यंत्र ही कल्पना नवी नव्हे. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ साली दूरनियंत्रणाचे ‘आर-५०’ हे हेलिकॉप्टर याच कामासाठी तयार केले. आपल्याकडे आता त्याच कामी अनेक पंख्यांचे ड्रोन येत आहेत, आणि भिवंडी तालुक्यातील भातखाचरांनाही ते उपयोगी पडण्याजोगे आहे. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसतात. पंख्यांचा वारा पीक उघडून औषधाचे थेंब खाली ढकलतो. मात्र यंत्र योग्य उंचीवर व एकसारख्या वेगाने गेले तरच. हात अस्थिर असल्यास औषध शेजाऱ्याच्या खाचरात जाते.

हा हात घरबसल्या तयार करता येतो. सिम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचा सराव देणारे साधन. खऱ्या यंत्रासारखाच नियंत्रक हाती असतो; पडद्यावरील यंत्र आपटले तर एक कळ दाबून ते पुन्हा उभे करता येते. शेतात आपटलेले यंत्र असे उभे राहत नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे दिवस थोडे असतात. केंद्र सरकारने २०२३ साली मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ दिवसांच्या प्रशिक्षणापैकी वैमानिकाचे प्रशिक्षण ५ दिवसांचे ठेवले होते. ते दिवस डावे-उजवे ओळखण्यात खर्ची पडू नयेत.

सर्वांत अवघड गोष्ट तीच आहे. यंत्राची पाठ आपल्याकडे असताना त्याचे उजवे ते आपले उजवे. तेच यंत्र खाचराच्या टोकाला वळून तोंड आपल्याकडे करून परतू लागले की सर्व उलटे होते. नवशिक्याचे यंत्र बहुधा येथेच बांधावरच्या झाडात शिरते. यावर एक जुनी युक्ती आहे : समोरून येणारे यंत्र ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला दांडी न्यावी, जणू कलत्या मांडवाला त्या अंगाने टेकू दिला. विचार न करता हात तसा वळेपर्यंत हा सराव करावा. प्रथम पाठ आपल्याकडे ठेवून यंत्र एका जागी तरंगते ठेवावे, मग आडवे, मग समोरासमोर. त्यानंतर इंग्रजी आठच्या आकारात फिरवावे. एका बैठकीत वीस मिनिटे पुरेत. थकलेला हात चुकीचीच सवय लावून घेतो.

नियंत्रकाच्या दांड्यांची मांडणी दोन-तीन प्रकारची असते. ज्या यंत्रावर पुढे काम करावयाचे, त्याचीच मांडणी सिम्युलेटरवर निवडावी. तसेच उपग्रहाच्या आधाराने यंत्र स्थिर ठेवणारी सोय मधूनमधून बंद करावी. शेतात हा आधार तुटला की यंत्र वाऱ्याबरोबर वाहू लागते, आणि तेव्हा हातच कामी येतो.

परंतु सिम्युलेटर काही गोष्टी शिकवीत नाही. टाकीत हेलकावणारे औषध, घसरडा बांध, डोळ्यांवर येणारे ऊन, आणि विशेषतः तारा. पडघे येथे मोठे वीज उपकेंद्र आहे. चंद्रपूरहून येणारी ५०० किलोव्होल्टची वाहिनी तेथेच संपते. अशा उच्चदाबाच्या तारा आसपासच्या शेतांवरून जातात. गावातल्या पंपाची बारीक तार त्याहून फसवी, कारण ती दूरवरून दिसतच नाही. म्हणून फवारणीच्या आदल्या दिवशी खाचराभोवती पायी फिरून खांब मोजावेत, दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरावे, व त्या पट्ट्यात हातपंपानेच फवारणी करावी.

सिम्युलेटरवर कितीही तास घालविले तरी परवाना मिळत नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार फवारणीच्या यंत्रासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या व दहावी उत्तीर्ण व्यक्तीस मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षण घेऊन ते मिळविता येते. उड्डाणापूर्वी आपले गाव कोणत्या हवाई क्षेत्रात येते हे डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी इच्छुक तरुण-तरुणींना केंद्रात पाठविण्यापूर्वी महिनाभर एका संगणकावर पाळीपाळीने बसवावे, आणि पहिले प्रत्यक्ष उड्डाण औषधाने नव्हे, साध्या पाण्याने, कापणी झालेल्या मोकळ्या खाचरात करवावे.