सहा गडी ऑलिंपिकला गेले

ऑलिंपिक हे नाव तुम्ही ऐकले असेल. दर चार वर्षांनी जगातले देश एका ठिकाणी जमतात. धावणे, कुस्ती, पोहणे, नेमबाजी असे पुष्कळ खेळ तिथे होतात. पहिल्याला सोन्याचे पदक, दुसऱ्याला चांदीचे आणि तिसऱ्याला कांस्याचे. गावच्या जत्रेत आखाडा भरतो ना? तसाच हा साऱ्या जगाचा आखाडा समजा.

या आखाड्यात आपल्या देशाची पहिली तुकडी 1920 साली उतरली. त्या तुकडीत गडी किती होते? फक्त सहा! त्या सहा जणांची ही हकिकत आहे.

अनवाणी धावणारे शेतकरी

पुण्यात डेक्कन जिमखाना नावाची खेळांची संस्था आहे. ती 1906 साली निघाली. 1919 साली तिथे शर्यती भरल्या. संस्थेचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव.

शर्यतीत धावणारे बरेच जण साधे शेतकरी होते. पायात बूट नाही, चप्पल नाही. शिकवणारा कुणी नाही. तरी दोराबजींनी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा ते चकित झाले. विलायतेत चांगले धावणारे जेवढा वेळ घेतात, जवळजवळ तेवढ्याच वेळात ही माणसे धावली होती.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड हेही शर्यती पाहायला आले होते. दोराबजींनी त्यांच्याजवळ गोष्ट काढली, "आपली माणसे ऑलिंपिकला का पाठवू नयेत?" गव्हर्नरसाहेबांनी मदत केली. देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, तरी भारताला स्वतःच्या नावाने उतरण्याची परवानगी मिळाली.

मिनिटे की सेकंद?

त्या वेळची एक गंमत सांगतात. निवड करणाऱ्या मंडळींपैकी एकाला विचारले, "100 मीटर धावायला किती वेळ लागावा?" ते म्हणाले, "लागेल की एखाद-दोन मिनिटे!" ऐकणारे थक्क झाले. कारण तेव्हा जगातले पहिले धावपटू 100 मीटर अंतर 11 सेकंदांच्या आत कापत होते!

आपण या गोष्टीला हसतो. पण यात एक शिकण्यासारखे आहे. पायात जोर होता, छातीत दम होता. नव्हते ते माप. कुणी घड्याळ लावले, आकडा लिहून ठेवला, मगच कळले की आपला गडी जगात कुठे बसतो. न मोजलेले बळ घरच्या घरीच राहते. धान्य असो, मजुरी असो, नाहीतर धावण्याचा वेळ असो, मोजावे आणि लिहावे.

कोण कोण गेले?

1920 साली पुण्यात चाचणी झाली. निवड झाली ती अशी: बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे चार धावणारे. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन पैलवान.

खर्च मोठा होता. थोडा सरकारने दिला, थोडी वर्गणी जमली, आणि बराच भार दोराबजींनी स्वतः उचलला. जून महिन्यात ही मंडळी मुंबईहून बोटीने निघाली. आधी लंडनला काही आठवडे सराव केला. मग बेल्जम देशातल्या अँटवर्प या शहरी गेली. तिथे 29 देशांचे खेळाडू जमले होते.

बदलापूर ते कांजूरमार्ग

फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत धावले. मॅरेथॉन म्हणजे फार लांब पल्ल्याची शर्यत. त्या वर्षी ते अंतर 42 किलोमीटर 750 मीटर होते.

हे अंतर केवढे? आपल्याकडचा हिशेब घेऊ. बदलापूरला गाडीत बसा आणि मुंबईकडे निघा. अंबरनाथ गेले, उल्हासनगर गेले, कल्याण, डोंबिवली, दिवा, ठाणे, मुलुंड, भांडुप गेले. कांजूरमार्ग आले की साधारण तेवढे अंतर झाले. गाडीत बसूनही आपण कंटाळतो. चौगुले तेवढे पळत गेले, 2 तास 50 मिनिटांत! पहिल्या आलेल्या फिनलंडच्या गड्यापेक्षा त्यांना सुमारे 18 मिनिटे जास्त लागली. त्यांचा नंबर 19 वा आला. दातारांना ती शर्यत पुरी करता आली नाही.

पैलवानांपैकी नवले लवकर हरले. शिंदे मात्र एक कुस्ती जिंकून पुढे गेले. शेवटी कांस्यपदकाच्या कुस्तीत हार झाली आणि ते चौथे आले. एक कुस्ती जिंकली असती तर पदक घरी आले असते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. परदेशच्या नोंदीत त्यांचे नाव 'शिंदे' असे नाही, 'शिंदेस' असे आहे. दुसऱ्याने आपले नाव लिहिले की असे होते. आपले नाव आपल्या हाताने नीट लिहावे, आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचून पाहावे.

मग मिळाले काय?

सहाही जण रिकाम्या हाताने परतले. कुणी म्हणेल, "एवढा पैसा फुकट गेला." आम्हाला तसे वाटत नाही. नांगरटीच्या दिवशी कणीस दिसत नाही. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले. 1928 साली आपल्या हॉकी संघाने सोन्याचे पदक जिंकले.

कुस्तीचे अपुरे काम सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी पुरे केले. 1948 साली लंडनला ते सहावे आले. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे पहिल्यांदाच गादीवर लढला. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे एकट्याने मिळवलेले ते पहिले पदक. त्यांच्या मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या निघाल्या.

पुढे 72 वर्षांनी, 2024 साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते, म्हणजे आपल्या बदलापूर-अंबरनाथच्या गाड्या ज्या रेल्वेच्या, त्याच रेल्वेत!

तुमच्या गावातही एखादी पोर शाळेला पळत जात असेल, एखादा पोरगा तालमीत घुमत असेल. त्याला "काय उपयोग?" असे म्हणू नका. घड्याळ लावा, वेळ लिहून ठेवा, आणि गरज पडली तर वर्गणी काढा.

प्रश्न

1. 1920 साली किती गडी गेले? त्यांतले पैलवान कोण?
2. चौगुले किती वेळ धावले? तुम्ही तेवढ्या वेळात कुठवर चालत जाल?
3. खाशाबांना जाण्यासाठी कुणी कुणी मदत केली?
4. तुमच्या गावातल्या एका चांगल्या खेळाडूचे नाव वहीत लिहा.