जुनी अल्टो, नवा हप्ता आणि रिप्लेसमेंट थिअरी

ऑपरेशन्स रिसर्च या विषयातला रिप्लेसमेंट थिअरीचा धडा तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखाच शिकला असेल, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री. एक मशीन असतं, त्याची किंमत असते, दरवर्षी वाढणारी देखभाल असते, घटत जाणारी विक्री किंमत असते. कोष्टक आखायचं, शेवटच्या रकान्यातला सगळ्यात लहान आकडा शोधायचा, त्याला चौकोन करायचा आणि लिहायचं, "सहाव्या वर्षी मशीन बदलावे." आठ मार्क खिशात. ते मशीन कोणाचं, त्याच्यावर कोण अवलंबून आहे, याच्याशी आपल्याला काय करायचंय?

तेच गणित घरी सोडवायची वेळ आली तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

आमचं घर तासगाव तालुक्यातलं. द्राक्षबाग आहे, माल बेदाण्याला जातो. दारात २००९ च्या दसऱ्याला घेतलेली अल्टो आहे. ७९६ सीसी, पॉवर स्टेअरिंग, आणि एसी (नावाला). तिचा शेवटचा हप्ता २०१४ ला फिटला, तेव्हापासून ती पूर्ण आमची. गेली दोन वर्षं तिचं मुख्य काम एकच. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला नेणं आणि परत आणणं, एका फेरीला जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर.

२०२५ च्या जुलैमध्ये परत येताना कवठे एकंदच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरच्या फॅनची मोटर गेली होती. डायलिसिस झालेल्या माणसात बसायचंही त्राण नसतं. आजी दीड तास मागच्या सीटवर आडवी पडून होती, बाहेर पाऊस, आणि अण्णा येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. मी तेव्हा होस्टेलवर होतो. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. फोन ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस न्हवं? मग सांग, ही ठेवायची का नवी घ्यायची. दसऱ्यापर्यंत सांग."

फोर्थ इयरच्या पोराला पहिल्यांदाच कोणीतरी इंजिनिअर म्हणून प्रश्न विचारला होता. लगेच वही काढली.

पहिला घोळ पहिल्याच ओळीत घातला. अल्टोची २००९ ची किंमत २,८५,००० मी कोष्टकात वर लिहिली आणि तिथून सोळा वर्षांचा खर्च मांडत गेलो. वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी त्या आकड्याभोवती लाल गोल केला आणि विचारलं, "हे पैसे आता कोणाच्या खिशातून जाणार आहेत?" कोणाच्याच नाही, ते कधीच गेलेत. गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. त्याला म्हणतात सन्क कॉस्ट, बुडीत खर्च. पुस्तकातलं कोष्टक नवं मशीन घेतानाचं असतं. आधीच दारात असलेल्या जुन्या मशीनला प्रश्न वेगळा विचारायचा असतो: पुढचं एक वर्ष हिला ठेवायला किती पडेल, आणि नवीचा वर्षाचा सरासरी खर्च कमीत कमी किती येईल? जुनीचं पुढचं वर्ष स्वस्त असेल तोवर ठेवा, महाग झालं की बदला. नियम एवढाच आहे.

गंमत म्हणजे हीच चूक उलट्या बाजूनेही होते. जुलैच्या दुरुस्तीनंतर आई म्हणाली, "आत्ताच एवढे घातलेत, आता कशी विकायची?" तेही गेलेलेच पैसे. सन्क कॉस्टची व्याख्या मी व्हायव्हात घडाघडा सांगितली होती, पण आईला ती सांगायची हिंमत झाली नाही.

आता नवी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दसऱ्याला शोरूममध्ये जत्रा होती. आम्हाला हवी तशी गाडी ऑन रोड साडेपाच लाखांना पडत होती. विक्रीच्या किमती मी जुन्या गाड्यांच्या बाजारभावावरून अंदाजाने धरल्या. एक वर्षानंतर ४,३०,०००, पाच वर्षांनी २,६०,०००, दहा वर्षांनी १,३०,०००. देखभाल पहिल्या वर्षी पाच हजारांपासून सुरू करून चढत नेली, मध्ये टायर-बॅटरीचे मोठे खर्च टाकले. दहा वर्षांची बेरीज १,६९,००० आली. सूत्र आपलं नेहमीचं:

सरासरी वार्षिक खर्च = (खरेदी किंमत − विक्री किंमत + एकूण देखभाल) ÷ वर्षे

वर्षभरातच विकली तर खर्च १,२५,०००. तीन वर्षं वापरली तर वर्षाला ७८,०००, पाच वर्षं ६८,२००, आठ वर्षं ६१,३७५, दहा वर्षं ५८,९००, बारा वर्षं ५८,०००, चौदा वर्षं ५७,७१४.

हे आकडे जरा नीट बघा. पुस्तकातल्या गणितात तळ विहिरीसारखा असतो, एकच वर्ष बरोबर आणि बाकीची चूक. इथे तळ परातीसारखा सपाट आहे. दहाव्या आणि चौदाव्या वर्षात फरक बाराशे रुपयांचाही नाही! म्हणजे "गाडी नेमकी कितव्या वर्षी बदलावी" या प्रश्नाला फारसा अर्थच नाही. लवकर बदलणं मात्र महाग. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या आमच्या पाहुण्यांना मी हे सांगितलं नाही, त्यांचा मुलगा माझा चांगला मित्र आहे.

या ५८,९०० मध्ये विम्याचे सरासरी ११,००० मिळवा. आता कर्ज. साडेचार लाख, ९ टक्के, पाच वर्षं. मासिक दर ०.००७५, हप्ते ६०. सूत्रात घातलं की हप्ता येतो ९,३४१ रुपये आणि एकूण व्याज १,१०,४७६. दहा वर्षांवर पसरलं तर वर्षाला ११,००० धरू. एकूण ८०,९००. रोख भरायच्या एक लाखाचं व्याज मी धरलेलंच नाही, म्हणजे नवीला थोडं झुकतं मापच दिलं.

जुनीची बाजू मांडायला अण्णांची डायरी होती. प्रत्येक बिल, प्रत्येक टाकी, किलोमीटरसकट. माझ्या तीन वर्षांच्या लॅब जर्नल्सपेक्षा ती डायरी प्रामाणिक आहे (कृपया हे वाक्य लॅब इन्चार्जना दाखवू नये). दुरुस्ती २०२१ ला १४,२००, २०२२ ला ११,८००, २०२३ ला क्लच आणि टायर मिळून ३१,६००, २०२४ ला सस्पेन्शन आणि पासिंगसकट ३८,४००. सरासरी २४,००० येते, पण वाढत्या आकड्यांची सरासरी काढून पुढचं वर्ष ठरवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मी ३५,००० धरले. गाडीला आज एक्स्चेंजमध्ये साठ हजार येतात, वर्षाने पन्नास येतील, म्हणजे दहा हजारांची घट. साठ हजार बँकेत असते तर सात टक्क्यांनी ४,२०० आले असते, तेही खर्चातच धरायचे. थर्ड पार्टी विमा हजार सीसीपर्यंत २,०९४ आणि वर जीएसटी, धरा २,५००. शिवाय पेट्रोल. जुनी लिटरला १६ देते, नवी आमच्या रस्त्यांवर २२ देईल. वर्षाचं रनिंग दहा हजार, पेट्रोल १०५ ने धरलं तर जुनीला १७,९०० जास्त. बेरीज ६९,६००.

या १६ बद्दल थोडं. डायरीत आधी १७ दिसतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा जुन्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज दिलेला आहे. त्यात इंजिनचं वयही मिसळलंय. इथेनॉल जुन्या रबराला त्रास देतं, म्हणून पेट्रोलचे पाइप बदलून घ्यायला हवेत, हे गॅरेजवाल्या मामांनी माझ्या आधी सांगितलं होतं.

तर निकाल काय? जुनी ६९,६००, नवी ८०,९००. जुनी ११,३०० ने स्वस्त. पेपरात इथे चौकोन करून पुढच्या प्रश्नाकडे गेलो असतो. पण माझ्या अंदाजांत एवढी चूक सहज असू शकते! म्हणून मी उलटं गणित केलं. दुरुस्ती ३५,००० ऐवजी ४६,००० झाली की दोन्ही बाजू सारख्या. किंवा रनिंग वाढलं तर? जुनी दर किलोमीटरला १ रुपया ७९ पैसे जास्त पिते. वर्षाला सोळा हजार किलोमीटरच्या पुढे गेलं की नवी परवडते. मला वाटतं, उत्तरापेक्षा हे दोन आकडे जास्त कामाचे आहेत. कोणी म्हणेल "जुनी गाडी पांढरा हत्ती", कोणी म्हणेल "नवी म्हणजे पैशांचा धूर". तुम्ही फक्त विचारा, वर्षाला किती फिरते?

शेजारच्या काकांनी मध्येच घाबरवलं की पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते. तो दिल्लीकडचा विषय. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. आमचं २०२४ ला झालं, फी ५,००० होती. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ही फी १०,००० झाली आहे, म्हणजे २०२९ ला पुन्हा विचार करावाच लागेल.

आता जे कोष्टकात बसत नाही ते. कवठे एकंदजवळचा दीड तास कुठल्या रकान्यात लिहायचा? फॅनची मोटर काही हजारांची, पण तो दीड तास जाताना झाला असता तर आजीची डायलिसिसची वेळ चुकली असती. इथे त्याच धड्याचा दुसरा भाग उपयोगी पडला, जो आम्ही सगळ्यांनी ऑप्शनला टाकला होता: ग्रुप रिप्लेसमेंट. पुस्तकात कारखान्यातल्या बल्बचं उदाहरण असतं. एकेक बल्ब गेला की बदलायचा, का ठरावीक काळाने सगळे एकदम बदलायचे? एकटा बल्ब बदलण्याचा खर्च जास्त असेल तर सगळे एकदम बदलणं परवडतं. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचा एकेक पार्ट हा आमचा महागडा बल्ब. मामांबरोबर बसून यादी केली: टायमिंग बेल्ट, अल्टरनेटरचा बेल्ट, रेडिएटरचे होज, थर्मोस्टॅट, फॅनचा रिले, क्लच केबल, पेट्रोलचे पाइप. यातलं काहीही तुटलं किंवा गेलं तर गाडी जागेवर, आणि एकही पार्ट इंजिनएवढा महाग नाही. सगळं मिळून ९,४००, तेही ३५,००० च्या आतच. मामा म्हणाले, "चालू असलेला पार्ट कशाला काढतोस?" बल्बचं उदाहरण सांगितलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण बदलून दिले.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि इथे जुनी सरळ हरते. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, २०२२ पासून पुढच्या दोन्ही एअरबॅग. आमच्या गाडीत यातलं काहीच नाही. २०१४ ला ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स आदळून बघितली, पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. याचे रुपये कसे करणार? मी केले नाहीत. वेगळ्या पानावर लिहिलं: अल्टो हायवेला न्यायची नाही, रात्रीचा लांबचा प्रवास भाड्याच्या गाडीने, पट्टा मागे बसलेल्यांनीही लावायचा.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा वही अण्णांपुढे ठेवली. त्यांनी परात बघितली, बेल्टची यादी बघितली, आणि सगळ्यात जास्त वेळ हप्त्याच्या पानावर थांबले. मग म्हणाले, "ऑक्टोबरात हप्ता कुठनं भरायचा?"

मला हे सुचलंच नव्हतं. आमचा पैसा वर्षातून एकदा येतो, बेदाण्याचे सौदे झाले की. ऑक्टोबरात छाटणी, औषधं, मजुरी, सगळा पैसा जायचाच. २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस लागून राहिला, ऊन न मिळाल्याने काडीत घड कमी. माझं सूत्र दर महिन्याला सारखाच पगार येणाऱ्या माणसासाठी होतं. ९,३४१ हा आकडा बरोबर होता, फक्त तो बारा वेळा तेवढाच जड नव्हता. मार्च-एप्रिलला हलका, ऑक्टोबरला न उचलणारा.

मग ठरलं ते असं. अल्टो ठेवायची. बेदाणा विकला की सत्तर हजार गाडीच्या नावाने बँकेत टाकायचे, म्हणजे नवी घ्यायची वेळ येईल तेव्हा कर्ज निम्म्यावर येईल. गावातल्या एका ओळखीच्या गाडीवाल्याशी बोलून ठेवलंय, मिरजेच्या दिवशी फोन केला तर अर्ध्या तासात तो येईल. आजीचं मत शेवटी विचारलं, खरं तर आधी विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "गाडी कंची का असंना, मला येळंत मशीनवर बसवा म्हंजे झालं."

त्याला तीन महिने झाले. मिरजेच्या सगळ्या फेऱ्या वेळेत झाल्या, एकदा फक्त पंक्चर. अण्णांनी डायरीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ४६,००० लिहून त्याला चौकोन केलाय आणि खाली या वर्षीच्या दुरुस्तीची बेरीज करत चाललेत. गेल्या रविवारी ती १३,१५० होती.