रोजच्या वापरातील जुनी जीपगाडी : धंदा बंद न ठेवता दुरुस्ती कशी करावी?



कापडाच्या दुकानदाराने मोटारगाडीच्या दुरुस्तीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची गाडी शौकाची नसते, ती धंद्याची असते. पैठणला विणकरांकडे जाणे, येवल्याला पैठणीचा माल पाहणे, मालेगावच्या यंत्रमागवाल्यांचा हिशेब चुकता करणे, ही कामे गाडीशिवाय होत नाहीत. गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये पडली की आठ दिवसांचा धंदा पडतो. म्हणून प्रश्न केवळ गाडी दुरुस्त करण्याचा नाही. ती रोज चालवत चालवत, खिशाला झेपेल तशी, कशी सुधारावी हा खरा प्रश्न आहे.

माझी बोलेरो २००६ सालची आहे. १५ वर्षे झाल्यावर घरच्यांचे म्हणणे पडले की ती विकून नवी घ्यावी. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठ लाखांचे कर्ज, दरसाल १० टक्के, मुदत पाच वर्षे, असा हिशेब मांडला तर महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार आणि पाच वर्षांत नुसते व्याज सुमारे २ लाख २० हजार रुपये होते. व्याजात पडायचे नाही हे तर ठरलेलेच होते, पण निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही ते परवडत नव्हते. तेव्हा ठरवले की दरमहा तीन हजार बाजूला काढायचे, म्हणजे वर्षाला ३६ हजार, आणि त्यातूनच गाडी सुधारायची.

माझी पहिली चूक

निर्णय बरोबर होता, सुरुवात चुकली. गाडी लोकांच्या नजरेत भरावी म्हणून मी सर्वप्रथम रंगकाम केले, नवी सीट कव्हर्स बसवली आणि पुढे लोखंडी गार्ड लावला. दोन वर्षांचे पैसे त्यात गेले. त्यानंतर चाळीसगावकडे जाताना कन्नडच्या औट्रम घाटात ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि तळापर्यंत गेले. सोबत धाकटा भाऊ होता. गाडी खालच्या गिअरमध्ये असल्यामुळे आणि हँडब्रेकमुळे डोंगराच्या बाजूला टेकवून थांबवता आली. अल्लाहचे उपकार की दोघेही वाचलो. पुढे दोन पावसाळ्यांत त्या नव्या रंगाला फोड आले, कारण गंज घासून न काढता वरून लांबी भरून रंग मारला होता.

गाडी ज्या वृद्ध मिस्त्रींकडे नेली, त्यांनी चाक खोलले आणि एवढेच म्हटले, “सेठ, पहले रोकने का देखो, चमकाने का बाद में.”

या लेखाचा सारा धडा त्या एका वाक्यात आहे. आपण कापडवाले हे जाणतोच. ताणा कुजलेला असेल तर वरची जर कितीही चकाकली तरी त्या साडीचा उपयोग नाही. गाडीचेही तसेच आहे. प्रथम जे थांबवते, मग जे भार पेलते, मग जे चालवते आणि सर्वांत शेवटी जे दिसते, हा क्रम मोडू नये.

या गाड्या दुरुस्त होतात, याचे कारण

आपल्याकडील जीपगाड्यांचा वंश जुना आहे. १९४५ साली लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. के. सी. महिंद्रा व जे. सी. महिंद्रा या बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद हे होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याच सुमारास अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत गाड्या जोडण्याचे काम सुरू झाले. पुढे १९९३ ची अरमाडा व २००० सालची बोलेरो याच घराण्यातल्या. टाटांची सुमो १९९४ मध्ये आली. तिचे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावातील अक्षरांवरून पडले. २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले.

या गाड्यांची चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी असते. मागे कमानपाटे असतात. इंजिन उघडे, हात घालता येईल असे. नव्या मोटारींप्रमाणे प्रत्येक कामाला संगणक लावावा लागत नाही. आपल्या शहरात वाळूज, चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींमुळे लेथवर काम करणारे कुशल हात भरपूर आहेत. म्हणून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे अशी गाडी सुधारणे अवघड नाही. फक्त क्रम हवा.

पहिला टप्पा : थांबणे

(१) ब्रेक ऑइल : हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की हे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी सर्व तेल बदलावे, नुसती भर घालू नये. सोबत मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडरचे रबर, होज पाईप, पॅड व लायनर तपासावेत.

(२) व्हॅक्यूम पंप : डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे आपोआप व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेकच्या मदतीसाठी वेगळा पंप असतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे ही मदत गमावतात. असे कदापि करू नये.

(३) टायर : टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने, तडे गेलेले रबर फसवते. माप कंपनीने सांगितलेलेच ठेवावे. माझ्या गाडीचे २१५/७५ आर १५ आहे.

(४) स्टिअरिंग : टाय रॉड एन्ड, बॉल जॉईंट व चाकाचे बेअरिंग आधी बदलावे, मग अलाइनमेंट करावी. उलट केल्यास पैसे दोनदा जातात.

(५) सीट बेल्ट : पट्ट्याचे धागे विरले असतील तर पट्टा बदलावा. धागा विरला की ताकद गेली, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दुसरा टप्पा : भार पेलणे

मराठवाड्याची काळी माती ओलावा धरून ठेवते. मडगार्डच्या आत व चेसिसच्या कोपऱ्यांत ती बसली की पावसाळा संपला तरी पत्रा आतून ओलाच राहतो. म्हणून पावसाळ्यानंतर गाडी वर उचलून खालून धुवावी, पूर्ण वाळवावी, गंज तारेच्या ब्रशने उघडा करावा आणि मगच प्रायमर लावावा. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा, त्यावर लांबी थापू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरी व अल्टरनेटरच्या वायरी काढण्यास मिस्त्रीला सांगावे.

कमानपाट्यांत तुटलेला पाटा, झिजलेले बुश, ढिले यू-बोल्ट व सेंटर बोल्ट पाहावेत. आपले काही बांधव जास्त माल भरण्यासाठी जादा पाटा चढवतात. त्याने कमान कडक होते, पण धुरा, ब्रेक आणि चेसिस होते तेवढेच राहतात. नोंदणीपुस्तकात लिहिलेले वजनही वाढत नाही.

येथेच एक कठोर गोष्ट सांगतो. चेसिस जागोजागी सडली किंवा तडकली असेल, अथवा चेसिसचा नंबर कागदाशी जुळत नसेल, तर त्या गाडीवर एक रुपयाही घालू नये.

तिसरा टप्पा : चालणे

इंजिन खोलण्याची घाई करू नये. आधी धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा एअर फिल्टर, नोजल व पंप तपासावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. पांढरा धूर सतत येत असेल तर डिझेल न जळता जाते किंवा पाणी आत शिरते. कॉम्प्रेशन मोजून घेतल्याखेरीज ‘इंजिन बांधावे लागेल’ हे वाक्य मान्य करू नये.

आपल्याकडे बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. ते रेडिएटरमध्ये घातल्याने आत थर बसतो आणि उन्हाळ्यात इंजिन तापते. रेडिएटर साफ करून डिस्टिल्ड वॉटर व कूलंट घालावे, होज पाईप व बेल्ट बदलावेत.

हेडलाइट मंद असेल तर मोठ्या वॉटचा बल्ब बसवू नये. त्याने जुनी वायरिंग तापते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर विजेचा प्रवाह ओढतात. हा सारा प्रवाह जुन्या स्विचमधून गेला की वाटेतच व्होल्टेज घटते. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर व रिले बसवला की तेच बल्ब चांगले उजळतात.

चौथा टप्पा : दिसणे व बसणे

आता सीट. फोम नवा, शिलाई मजबूत, कव्हर घाम शोषणारे. आपल्याच बाजारातील जाड सुती कापड रेक्झिनपेक्षा उन्हाळ्यात बरे. दरवाजांची रबरे बदलल्यास धूळ थांबते व नमुन्याची ठाणे मळत नाहीत. रंगकाम कोरड्या हवेत करावे, पावसाळ्यात ओलावा रंगाखाली अडकतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलेल असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. मी माझा गार्ड काढून भंगारात दिला. गाडीचा रंग किंवा इंजिन बदलायचे असल्यास आधी आरटीओत विचारावे व नोंद करून घ्यावी.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरावा. ही फी एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाडीसाठी १०,००० करण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. हे आकडे आपल्या हिशेबात आधीच धरावेत.

धंदा चालू ठेवण्याचे नियम

• सुटा भाग हातात आल्याशिवाय गाडी उघडू देऊ नये. ‘भाग उद्या येतो’ म्हणून गाडी आठवडाभर अडकते.

• एका वेळी एकच काम. चार कामे एकदम केली आणि आवाज आला, तर तो कशाचा हे कळत नाही.

• काम दुकानाच्या सुट्टीला जोडून ठेवावे. ईद, दिवाळी व लग्नसराईच्या तोंडावर मोठे काम काढू नये.

• गाडीची वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, भाग, किंमत, मिस्त्रीचे नाव. उधारीची वही ठेवणाऱ्याला ही वही जड नाही.

• जुना भाग परत मागावा. यात अविश्वास नाही, व्यवहाराची सफाई आहे.

कारागीर बांधवांसाठी

आपले अनेक तरुण गॅरेज, लेथ, वेल्डिंग व सीटकामात आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की ग्राहकाने रंग मागितला तरी आधी ब्रेक पाहून सांगा. ज्या कारागिराने मला गंजावर लांबी थापून दिली, त्याने त्या दिवशी पैसे कमावले आणि कायमचा ग्राहक गमावला. ज्या मिस्त्रींनी मला खरे सांगितले, त्यांच्याकडे आज आमच्या गल्लीतील पाच गाड्या जातात. लेखी पावती, वापरलेल्या भागाचे नाव आणि कामाची मुदत, या तीन गोष्टी दिल्या तर लहान गॅरेजलाही बरकत येते.

शेवटी एक गोष्ट मान्य करावी लागेल. जुनी गाडी कितीही सुधारली तरी ती नवी होत नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि ती येणारही नाही. म्हणून मी वेग कमी ठेवतो, पट्टा बांधतो आणि घाटात खालचा गिअर सोडत नाही. परवा त्याच औट्रम घाटातून मालेगावचा माल पाहून परतलो. पेडल दगडासारखे घट्ट होते. रंग अजून फिकाच आहे, त्याची पाळी पुढल्या हिवाळ्यात.