शिक्कामोर्तब : तक्त्यातल्या कप्प्यांचे

राजवाड्याच्या परिसरातील मराठी कुटुंबांचे बोलणे नोंदवण्याचे काम मी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना देत आलो आहे. नोंदी संगणकावरील तक्त्यात भरल्या जातात. एका वर्षी तक्ता उघडला, तर एका आजींचे ‘काल ते मला राजवाड्यावर मिळाले’ हे वाक्य ‘भेटले’ असे झालेले. विद्यार्थ्याने चूक समजून ते सुधारले होते. हिंदीतील ‘मिलना’च्या सहवासाने इंदुरी मराठीत ‘भेटणे’च्या जागी ‘मिळणे’ येते. आम्हांला नोंदवायचे होते ते नेमके हेच. हे वाक्य माझ्या ध्यानात होते म्हणून सापडले. आणखी किती वाक्ये अशी ‘शुद्ध’ झाली, हे कळायला मार्ग उरला नाही. आजी तोवर निवर्तल्या होत्या.

दोष विद्यार्थ्याचा नव्हता. प्रत्येक कप्पा लिहिण्यास खुला ठेवणारा मीच होतो.

आपल्या जुन्या दफ्तरांना ही काळजी ठाऊक होती. मोडी पत्रात शिक्का आरंभी आणि मोर्तब अखेरीस उमटे. त्याखाली कोणाला ओळ घुसडता येऊ नये, हा हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथूनच आला. तक्त्यालाही असेच दोन टप्पे लागतात.

पहिला टप्पा कप्प्यांच्या निवडीचा. एक्सेल आणि लिबरऑफिस कॅल्क या दोन्हींत प्रत्येक कप्पा मुळातच ‘कुलूपबंद’ अशी खूण घेऊन येतो. म्हणून आपण बंद कप्पे निवडायचे नसतात, खुले निवडायचे असतात. आमच्या तक्त्यात क्रमांक, ऐकलेले वाक्य, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे वय हे चार स्तंभ तसेच ठेवले. ‘प्रमाण रूप’ आणि ‘टीप’ या दोन स्तंभांवरील खूण ‘कप्प्यांचे स्वरूप’ या खिडकीत जाऊन काढली.

दुसरा टप्पा पत्रक संरक्षित करण्याचा. एक्सेलमध्ये ही आज्ञा ‘रिव्ह्यू’खाली, कॅल्कमध्ये ‘टूल्स’खाली मिळते. ती दिल्याशिवाय पहिल्या खुणेला काहीच अर्थ नाही. नवशिके इथेच फसतात : खूण दिसते, पण कुलूप लागलेले नसते.

स्वतः प्रणाली लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. जावाच्या स्विंगमधील तक्ता कप्पा उघडण्याआधी ओळ व स्तंभ सांगून विचारतो, ‘इथे लिहू द्यायचे का?’ उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. ते कोणत्या कप्प्याला काय द्यायचे, हे मात्र विषय जाणणाऱ्यानेच ठरवायचे असते.

एक सावधगिरी. हे कुलूप अनवधानाला आवरते, हेतूला नाही. जाणकाराला ते काढता येते. म्हणून मूळ नोंदीची प्रत वेगळी ठेवावी. १९८४च्या आगीत राजवाड्याचे काय झाले, हे पाहिलेल्या शहराला ‘दुसरी प्रत’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

आता विद्यार्थी ‘मिळाले’ला हात लावू शकत नाही. शेजारच्या स्तंभात तो ‘भेटले’ लिहितो आणि टिपेत दोहोंतला फरक मांडतो. सुधारण्याची त्याची ओढ वाया गेली नाही. तिला तिची जागा मिळाली. आजींचे वाक्यही आपल्या जागी राहिले.