खाजगी कॅमेऱ्यातील चित्रण : तपासास साहाय्य आणि गावकऱ्यांचा खाजगीपणा

मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून कसारा घाटाकडे जातो. कल्याण-अहिल्यानगर मार्ग मुरबाड व टोकावडे ओलांडून माळशेज घाट चढतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि शहापुरातील रहदारीत आणखी भर पडली. या रस्त्यांलगतचे धाबे, पेट्रोल पंप, दुकाने व बंगले यांवर आता कॅमेरे दिसतात. धडक देऊन पसार झालेल्या वाहनाचा किंवा हरवलेल्या मुलाचा माग काढताना पोलिसांची पहिली विचारणा बहुधा या कॅमेऱ्यांच्या मालकांकडे होते.

येथे विलंब घातक ठरतो. डीव्हीआरमधील डिस्क भरली की जुने चित्रण पुसले जाऊन त्याजागी नवे साठविले जाते. डिस्कची क्षमता व कॅमेऱ्यांची संख्या यांनुसार ही मुदत काही दिवसांची वा काही आठवड्यांची असते. म्हणून घटना कळताच मालकाने संबंधित भाग वेगळा जतन करावा. कोणाचा जीव धोक्यात असल्यास ११२ वर कळवून, आलेल्या पोलिसांस तो तत्काळ दाखवावा. कागदपत्रे मागाहून होतील.

चित्रण मागण्याचा अधिकार मात्र सर्वांना नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार तसा लेखी आदेश न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. सरपंच, पंचायत सदस्य किंवा शेजारी यांच्या तोंडी मागणीस हे बळ नाही.

पुराव्याची बाजू अधिक नाजूक आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ही तरतूद आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे संगणकाने काढलेली तिची अंकाक्षरी ओळख, नोंदवितात. व्हॉट्सॲपवरून चित्रफीत म्हणून पाठविताना फाईल लहान केली जाते व ती ओळख बदलते. सबब प्रत डीव्हीआरमधूनच घ्यावी. शिवाय डीव्हीआरचे घड्याळ पुष्कळदा मागेपुढे असते. त्यातील वेळ व खरी वेळ यांतील फरक पंचनाम्यात न आल्यास उत्तम चित्रणही वादात सापडते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. एका वाहनासाठी घेतलेल्या तासाभराच्या चित्रणात शाळेत निघालेल्या मुली आणि दवाखान्याची पायरी चढणारा रुग्णही येतो. भातसा व तानसा धरणांच्या या तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीवर ताटकळणाऱ्या स्त्रियांवर रोखलेला कॅमेरा कोणत्या चोरीला आळा घालतो, हे सांगणे कठीण आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दंडनीय अपराध आहे. गावच्या गटावर ‘ओळखा पाहू’ म्हणून चित्रफीत टाकणाऱ्यास याची बहुधा कल्पना नसते.

यास्तव आदेशात कॅमेरा, दिनांक आणि ‘पासून-पर्यंत’ वेळ नमूद असावी, तेवढाच भाग द्यावा व पोच घ्यावी. बसविणाऱ्याने दिलेला डीव्हीआरचा पासवर्ड तसाच ठेवू नये. तो कोणाकोणास ठाऊक आहे याची नोंद ग्रामपंचायतीने आपल्या कॅमेऱ्यांपुरती तरी ठेवावी.